मोबाइलवरील लघुलेखन, शब्दांची गल्लत आणि व्यावसायिक लेखन

महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली ओळख बहुधा त्याच्या तोंडून होत नाही, ती त्याच्या अर्जावरून होते. नोकरीसाठीचा अर्ज, शिष्यवृत्तीसाठीची विनंती, कार्यालयास पाठविलेला ई-मेल, प्रकल्पाचा अहवाल या सर्वांना मिळून व्यावसायिक लेखन असे म्हणता येईल. या लेखनाचा वाचक लेखकाला ओळखत नसतो. लेखक काय म्हणू इच्छितो हे विचारण्याची त्याला सवड नसते आणि कागदावर जे आहे त्यावरूनच तो निर्णय घेतो. गेल्या पंचवीस वर्षांत मोबाइलवरील संदेशांची भाषा अशा लेखनात शिरू लागली आहे, अशी तक्रार अध्यापक, कार्यालयप्रमुख आणि परीक्षक वारंवार करतात. ही तक्रार कितपत खरी आहे, नुकसान नेमके कोठे होते आणि वर्गात त्यावर काय करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लघुरूपे कोठून आली?

मोबाइलवरील लघुलेखनाचा उगम केवळ आळसात नाही, तो तंत्रातही आहे. जगातील पहिला लघुसंदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये पाठविला गेला. या सेवेत एका संदेशासाठी १४० बाइट, म्हणजे ११२० बिट एवढीच जागा ठरविण्यात आली होती. रोमन लिपीतील एका अक्षराला ७ बिट लागतात, त्यामुळे १६० अक्षरे बसतात. देवनागरीसाठी वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत मात्र प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात आणि त्याच जागेत फक्त ७० चिन्हे मावतात. शिवाय देवनागरीत मात्रा आणि हलन्त हीही स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. ‘विद्यार्थी’ हा शब्द डोळ्यांना साडेतीन-चार अक्षरांचा दिसत असला, तरी यंत्राच्या हिशेबाने त्यात दहा चिन्हे आहेत. संदेश ७० चिन्हांच्या पुढे गेला की तो दोन संदेशांत विभागला जाई आणि आकारही दोन संदेशांचा लागे.

याचा परिणाम उघड होता. मराठी माणसाने मराठीतला निरोप रोमन अक्षरांत लिहायला सुरुवात केली आणि तोही स्वर गाळून. ‘नाही’ हा शब्द तीन रोमन अक्षरांवर आला, इंग्रजी ‘यू’ या शब्दाची जागा त्या नावाच्या एका अक्षराने घेतली आणि ‘फॉर’ या शब्दाऐवजी ४ हा आकडा आला. पुढे २००९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप आले, स्मार्टफोनवर देवनागरी कळफलक आले आणि जागेची अडचण संपली. सवय मात्र राहिली. कारण नाहीसे झाल्यावर उरलेली सवय अध्यापकाला अधिक जड जाते, कारण विद्यार्थ्याला तिचे मूळच ठाऊक नसते.

संक्षेप मराठीला नवे नाहीत

शब्द आखडून लिहिणे हा भाषेचा ऱ्हास होय, असे सरसकट म्हणता येणार नाही. मोडी लिपीतील जुन्या कागदपत्रांत शब्दाचे आद्याक्षर लिहून पुढे दंड काढण्याची रीत सर्रास आढळते. पेशवे दप्तरातील पत्रांत हिजरी महिन्याच्या तारखेपूर्वी ‘छ’ एवढे एकच अक्षर येते आणि जाणकार त्यावरून चांद्र तारीख ओळखतो. घरगुती पत्रातील ‘सा. न. वि. वि.’, पत्त्यातील ‘मु. पो.’, नावाआधीचे ‘चि.’ आणि ‘सौ.’ हीदेखील लघुरूपेच आहेत. त्यांना कोणी अशुद्ध म्हणत नाही.

जुन्या आणि नव्या संक्षेपांत दोन महत्त्वाचे भेद आहेत. पहिला असा की, जुने संक्षेप लिहिणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या दोघांच्याही परिचयाचे होते. दुसरा असा की, त्यांची जागा ठरलेली होती. ‘ता.’ हे पत्राच्या डोक्यावर आले तर तारीख आणि पत्त्यात आले तर तालुका. ‘प्रा.’ नावाआधी आले तर प्राध्यापक आणि उद्योगाच्या नावापुढे ‘लि.’सोबत आले तर प्रायव्हेट. स्थानावरून अर्थ ठरत असल्यामुळे घोटाळा होत नसे. मोबाइलवरील लघुरूपांना अशी जागा नाही. एका मित्रमंडळात जे सर्वांना कळते, ते शेजारच्या मंडळात कळेलच असे नाही. म्हणून संक्षेप केला की नाही हा प्रश्न दुय्यम ठरतो. ज्याच्यासाठी केला त्याला तो उलगडता येतो का, हा खरा प्रश्न होय.

अभ्यासक काय सांगतात?

या विषयावर भीती बरीच व्यक्त झाली आहे आणि पाहणीही झाली आहे. २००३ मध्ये स्कॉटलंडमधील एका तेरा वर्षांच्या मुलीने सुट्टीवरील निबंध संपूर्णपणे मोबाइलच्या लघुभाषेत लिहिल्याची बातमी ब्रिटनच्या वृत्तपत्रांत गाजली. २००६ मध्ये न्यूझीलंडच्या परीक्षा प्राधिकरणाने उत्तरातून विषयाची समज स्पष्ट होत असेल, तर लघुरूपांसह लिहिलेल्या उत्तरालाही गुण मिळू शकतील असे सांगितले, तेव्हा तेथेही मोठी चर्चा झाली. अशी रूपे टाळावीत हा सल्ला त्या प्राधिकरणाने दिला होताच आणि जेथे भाषाच तपासली जाते तेथे ही सवलत नव्हती. तरीही चर्चेत ही बाजू मागे पडली.

ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड क्रिस्टल यांनी २००८ मध्ये या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. संदेशांतील बहुतेक शब्द नेहमीसारखेच लिहिलेले असतात, आखडलेल्या शब्दांचे प्रमाण सामान्यतः दहा टक्क्यांच्याही आत असते, असे त्यांनी दाखवून दिले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश पाहणीत दहा ते बारा वर्षांच्या ८८ मुलांचा अभ्यास करण्यात आला. लघुरूपांचा अधिक वापर करणारी मुले वाचनात मागे नव्हती, उलट पुढे असल्याचे त्यात दिसून आले. शब्द आखडण्यासाठी त्याचा ध्वनी ओळखावा लागतो, हे त्यामागचे एक संभाव्य कारण सांगितले जाते.

या निष्कर्षांचा उपयोग जपून करावयास हवा. ही पाहणी इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांची आहे. त्या मुलांना ‘बिफोर’ या शब्दाचे पूर्ण रूप आधीच येत होते, ते ती मुद्दाम मोडत होती. आपल्याकडील अनेक विद्यार्थ्यांची गोष्ट निराळी आहे. घरात दखनी किंवा उर्दू, बाजारात कन्नड, हिंदी किंवा गुजराती, वर्गात मराठी आणि पुस्तकात इंग्रजी अशी ज्यांची स्थिती आहे, त्यांना शब्दाचे मोडलेले रूप कधीकधी पूर्ण रूपाच्या आधी भेटते. ज्याला पूर्ण रूप ठाऊक आहे तो लघुरूपाशी खेळतो. ज्याला ते ठाऊक नाही तो त्यालाच शब्द समजतो.

रोमन अक्षरांतील मराठी

लघुलेखनाचा मराठीवर झालेला मोठा परिणाम आखडलेल्या शब्दांत तितकासा दिसत नाही, तो लिपीच्या वापरात दिसतो. ‘पी-ए-टी-आर-ए’ ही पाच रोमन अक्षरे ‘पत्र’, ‘पात्र’ आणि ‘पत्रा’ या तिन्ही शब्दांसाठी वापरली जातात. ‘एम-ए-एल-ए’ म्हणजे ‘मला’, ‘माळा’, ‘मळा’ किंवा ‘माला’. ‘व्ही-ई-एल’ म्हणजे ‘वेळ’ की ‘वेल’, हे संदर्भानेच ठरवावे लागते. गप्पांत संदर्भ हाताशी असतो. अर्जात तो नसतो.

याचा दोष रोमन लिपीला देणे मात्र योग्य नव्हे. गोव्यात फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन लिपीतच छापले गेले. रोमी कोंकणीत आजही ट, ड, ण, ळ यांसाठी व्यंजन दोनदा लिहिण्याची पद्धत आहे, ‘कोंकणी’ हे नावच तेथे दोन ‘एन’ घालून लिहितात. म्हणजे नियम असला की परक्या लिपीतही स्पष्ट लिहिता येते. मोबाइलवरील रोमन मराठीला असा नियमच नाही, ही खरी उणीव आहे.

आता विद्यार्थी रोमन कळा दाबतात आणि यंत्र देवनागरी शब्द सुचविते. त्यातून नव्या प्रकारच्या चुका निर्माण झाल्या आहेत. यंत्र ‘ल’ आणि ‘ळ’, ‘न’ आणि ‘ण’, ऱ्हस्व आणि दीर्घ यांत निवड करण्यास सांगते आणि घाईत पहिलाच शब्द स्वीकारला जातो. अर्जासोबत ‘मूळ प्रमाणपत्र’ जोडण्याऐवजी ‘मूल प्रमाणपत्र’ जोडले जाते. ‘शिक्षक दिन’ या समारंभाचे ‘शिक्षक दीन’ होते. मराठीत ‘दीन’ म्हणजे बापडा आणि उर्दूभाषक घरात ‘दीन’ म्हणजे धर्म, त्यामुळे एका वेलांटीने निमंत्रणपत्रिकेचा सूर तीन दिशांना जातो. ‘आचार्यांना’ म्हणजे विद्वान गुरूंना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना, हा फरक तर केवळ ‘र’च्या खुणेचा आहे. अशा चुका शुद्धलेखन तपासणाऱ्या यंत्रालाही सापडतातच असे नाही, कारण दोन्ही शब्द शब्दकोशात असतात.

मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक चौदा नियम १९६२ मध्ये शासनाने मान्य केले आणि १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली. हे नियम विद्यार्थ्यांना रुक्ष वाटतात. अर्थ बदलणाऱ्या जोड्यांपासून सुरुवात केली, तर त्यांचे प्रयोजन त्यांना सहज पटते.

शब्द बरोबर, अर्थ चुकीचा

लघुरूपांची चूक दिसते तरी. शब्दाच्या गल्लतीचे तसे नाही, ती दिसत नाही म्हणून अधिक नुकसान करते. ‘अपरोक्ष’ हा शब्द याचे ठळक उदाहरण आहे. ‘परोक्ष’ म्हणजे नजरेआड आणि ‘अपरोक्ष’ म्हणजे समक्ष. परंतु ‘माझ्या अपरोक्ष हा निर्णय झाला’ असे लिहून ‘माझ्या पाठीमागे झाला’ असे सुचविले जाते. चौकशीच्या अहवालात हे वाक्य आले, तर तक्रारदार हजर होता असाच त्याचा कोशातील अर्थ निघेल. येथे ‘माझ्या गैरहजेरीत’ असे साधे लिहिणे उत्तम.

‘निलंबित’ आणि ‘बडतर्फ’ यांचीही अशीच सरमिसळ होते. निलंबित कर्मचारी नोकरीत असतो, त्याला फक्त कामापासून दूर ठेवलेले असते. बडतर्फ झालेल्याची नोकरी संपलेली असते. ‘आरोपी’ म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो, ‘दोषी’ म्हणजे ज्याचा गुन्हा न्यायालयात शाबीत झाला तो. एखाद्याविषयी या शब्दांची अदलाबदल केली, तर त्याच्या अब्रूचा प्रश्न उभा राहतो.

याशिवाय काही रूपे सवयीने चुकतात. ‘अनवधानाने’ ऐवजी ‘अनावधानाने’, ‘दुरवस्था’ ऐवजी ‘दुरावस्था’, ‘तज्ज्ञ’ ऐवजी ‘तज्ञ’, ‘विद्यार्थिनी’ ऐवजी ‘विद्यार्थीनी’ असे लिहिले जाते. यांनी अर्थ बदलत नाही, पण वाचकाचा लेखकावरील विश्वास कमी होतो. अध्यापकाने या दोन प्रकारच्या चुकांना सारखेच गुण कापू नयेत. ज्या चुकीने अर्थ फिरतो ती मोठी आणि जिने फक्त रूप बिघडते ती लहान, असा भेद विद्यार्थ्यालाही समजावून द्यावा.

शेजारच्या भाषांतील सारखे शब्द

महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी भाषकांपुढे एक वेगळी अडचण आहे. मराठीच्या कारभाराच्या भाषेत अरबी-फारसी शब्द फार मोठ्या संख्येने आहेत. अर्ज, तारीख, मंजूर, हजर, वसूल, जामीन, वकील यांवाचून मराठी कार्यालयाचे एक पानही लिहिता येत नाही. उर्दू जाणणाऱ्या विद्यार्थ्याला हे शब्द घरचे वाटतात, ही त्याची जमेची बाजू आहे. मात्र अनेक शब्दांनी मराठीत आल्यावर अर्थ बदलला आहे आणि फसगत तेथेच होते.

‘राजीनामा’ मराठीत नोकरी किंवा पद सोडल्याचे पत्र आहे. हिंदी-उर्दूत तोच शब्द तडजोडीच्या कागदासाठी वापरतात आणि पद सोडण्यास ‘इस्तीफा’ म्हणतात. ‘दाखला’ मराठीत प्रमाणपत्र आहे, शाळा सोडल्याचा दाखला सर्वांना ठाऊक आहे. हिंदी-उर्दूतील ‘दाखिला’ म्हणजे प्रवेश. एकाच शब्दाने एकीकडे शाळेत जाणे आणि दुसरीकडे शाळा सोडणे सुचते. ‘खुलासा’ उर्दूत सारांश असतो, हिंदी वृत्तपत्रांत गौप्यस्फोट असतो आणि मराठी कार्यालयात स्पष्टीकरण असते. ‘तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा’ असे पत्र मिळालेल्या कर्मचाऱ्याने घडलेल्या घटनेचा नुसता गोषवारा लिहून दिला, तर त्याने आपली बाजू मांडलीच नाही असे धरले जाण्याचा धोका आहे.

‘हरकत’ मराठीत आक्षेप आहे, म्हणून ‘ना हरकत प्रमाणपत्र’. हिंदी-उर्दूत हरकत म्हणजे हालचाल किंवा आगळीक. उलट हिंदीतील ‘आपत्ति’ म्हणजे आक्षेप आणि मराठीतील ‘आपत्ती’ म्हणजे संकट. इंदूर किंवा ग्वाल्हेर येथील मराठी भाषकाने ‘या प्रस्तावाला आमची आपत्ती आहे’ असे लिहिले, तर पुण्याचा वाचक गोंधळेल. ‘शिक्षा’ हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. ‘सूचना’ हिंदीत माहिती, मराठीत सल्ला किंवा निर्देश. २००५ च्या कायद्याला म्हणूनच हिंदीत ‘सूचना का अधिकार’ आणि मराठीत ‘माहितीचा अधिकार’ म्हणतात.

बेळगाव भागात कन्नडचा शेजार आहे. तेथे ‘अवकाश’ म्हणजे संधी, हिंदीत तोच शब्द रजेसाठी येतो आणि मराठीत त्याचा अर्थ मोकळा वेळ किंवा पोकळी असा होतो. वडोदऱ्यात ‘फरियाद’ ही कोणतीही साधी तक्रार असू शकते, मराठीत ‘फिर्याद’ म्हटले की पोलीस ठाणे किंवा न्यायालय डोळ्यांपुढे येते. गुजरातीतील आणि उर्दूतील ‘तकरार’ हा वाद किंवा भांडण असतो, मराठीतील ‘तक्रार’ गाऱ्हाणे असते. हैदराबादच्या उर्दू वळणाच्या घरात ‘रजा’ म्हणजे मर्जी, मराठी कचेरीत ‘रजा’ म्हणजे सुट्टी.

हे शब्द चुकीचे आहेत असे येथे म्हणावयाचे नाही. प्रत्येक भाषेत तो तो अर्थ योग्यच आहे. ज्या भाषेत अर्ज लिहिला, त्या भाषेचा अर्थ लागू होतो, एवढेच विद्यार्थ्याने ओळखावयाचे आहे. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणीला राजभाषेचे स्थान देताना शासकीय कामासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद ठेवली आहे. अशा ठिकाणी मराठी अर्ज खऱ्याखुऱ्या अधिकाऱ्यासमोर जातो आणि त्यातील प्रत्येक शब्दाला वजन असते.

संदेशही दस्तऐवज ठरतो

संदेश म्हणजे बोलणे आणि अर्ज म्हणजे लेखन, अशी विभागणी पूर्वी सोपी होती. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याने इलेक्ट्रॉनिक नोंदीला कायद्याची मान्यता दिली आणि ती सीमा पुसट झाली. कॅनडातील सॅस्कॅचवान प्रांतातील एक खटला या दृष्टीने उद्बोधक आहे. जवसाच्या खरेदीचा करार एका व्यापाऱ्याने २०२१ मध्ये शेतकऱ्याच्या मोबाइलवर पाठविला आणि कराराला दुजोरा मागितला. शेतकऱ्याने उत्तरादाखल फक्त उंचावलेल्या अंगठ्याचे चित्र पाठविले. करार मिळाला एवढेच आपण कळविले, असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने २०२३ मध्ये ते चित्र संमतीची सहीच मानली आणि माल न दिल्याबद्दल सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलर भरपाई देण्यास सांगितले. पुढे अपिलातही तो निकाल कायम राहिला. ‘मिळाले’ आणि ‘मान्य आहे’ यांतला फरक शब्दांत लिहिला असता, तर निदान त्या मुद्द्यावर वाद उरला नसता. आपल्याकडे ‘ओके’ या दोन अक्षरांनी हेच काम केले जाते. वरिष्ठांच्या सूचनेला ‘ओके’ लिहिणाऱ्याने ती वाचली, समजली, की मान्य केली, हे कळत नाही.

वर्गात काय करता येईल?

लघुरूपांवर बंदी घालून हा प्रश्न सुटत नाही. विद्यार्थी मित्राला संदेश कसा लिहितो, हा त्याचा खाजगी प्रश्न आहे. वाचक बदलला की भाषा बदलावी, हे कौशल्य शिकविणे अध्यापकाच्या हाती आहे. त्यासाठी पुढील उपाय करून पाहण्यासारखे आहेत.

१) रूपांतराचा पाठ. ‘सर उद्या येनार नाही ताप आहे ओके’ असा एक संदेश फळ्यावर लिहावा. तोच मजकूर प्राचार्यांना रजेचा अर्ज म्हणून आणि वर्गमित्राला निरोप म्हणून लिहून घ्यावा. कोणता दिवस, किती दिवस, कोणत्या तासिका बुडतील, ही माहिती अर्जात वाढते, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात येते. लघुभाषेत अक्षरांबरोबर माहितीही गळते, हा मुद्दा येथे आपोआप स्पष्ट होतो.

२) अर्थ बदलणाऱ्या जोड्यांची वही. दिन-दीन, मूल-मूळ, परोक्ष-अपरोक्ष, निलंबित-बडतर्फ अशा जोड्या प्रत्येकाने वाक्यांसह लिहाव्यात. आठवड्याला पाच जोड्या पुरेत.

३) भाषांचा तक्ता. ज्या गावात महाविद्यालय आहे तेथील भाषा घेऊन विद्यार्थ्यांनीच सारखे दिसणारे शब्द आणि त्यांचे वेगळे अर्थ जमवावेत. बेळगावचा तक्ता वडोदऱ्याच्या तक्त्याहून वेगळा होईल. यात बहुभाषिक विद्यार्थी मागे पडत नाही, तोच वर्गाचा जाणकार ठरतो.

४) अनोळखी वाचकाची चाचणी. अर्ज पाठविण्यापूर्वी तो दुसऱ्या वर्गातील विद्यार्थ्याला मोठ्याने वाचावयास द्यावा. वाचणारा जेथे अडखळेल तेथे वाक्य सुधारावे. संक्षेप वापरायचाच असेल, तर पहिल्या वेळी पूर्ण शब्द लिहून मग तो वापरण्याची सवय लावावी.

५) अध्यापकांचे स्वतःचे लेखन. वर्गाच्या समूहावर अध्यापक ज्या सूचना पाठवितात, त्या विद्यार्थ्यांच्या रोजच्या वाचनात येतात. त्या सूचना पूर्ण वाक्यांत, तारीख आणि वेळेसह आणि शुद्ध देवनागरीत असतील, तर वेगळा धडा देण्याची गरज बरीच कमी होईल.

मोबाइलने मराठी बिघडविली असे म्हणणे जितके घाईचे, तितकेच त्याने काहीच बिघडविले नाही असे म्हणणेही घाईचे होईल. ज्या विद्यार्थ्याला दोन्ही भाषा येतात, मित्राची आणि कचेरीची, त्याचे लघुरूपांनी फारसे नुकसान होत नाही. ज्याला पहिलीच येते, त्याची पात्रता असूनही त्याचा अर्ज बाजूला पडतो आणि तो का पडला हे त्याला कोणी कळवीत नाही. सीमाभागातील आणि महाराष्ट्राबाहेरील महाविद्यालयांत असे विद्यार्थी पुष्कळ आहेत आणि बहुधा त्यांचा अर्ज परक्याच्या हाती जाण्यापूर्वी वाचणारा शेवटचा माणूस त्यांचा अध्यापकच असतो.